भारेवालीच्या वाटेवरचे काकाजी

चौदा महिने मी त्या गावात राहिलो. त्या गावात पाहण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती मी पाहिलेली नाही. हे कुणाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग माझ्या डोक्याविषयी त्याला शंका येऊ लागते. त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याला काकाजी माहीत नसतात.

गाव वरूडच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. सगळीकडे संत्र्याच्या बागा, दोन शाळा, एसटीपेक्षा बकऱ्यांनाच जास्त उपयोगी पडणारा एक बस स्टँड आणि गावामागे एक टेकडी. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला काळ्या दगडाचा एक उंच सुळका आहे आणि त्याच्या टोकावर भलामोठा धोंडा आडवा बसलेला आहे. डोक्यावर गवताचा भारा घेऊन एखादी बाई उभी असावी, तसा तो दिसतो म्हणे. म्हणून तिचं नाव भारेवाली. इतक्या पावसाळ्यांत तो भारा काही खाली पडलेला नाही. लोक गाड्या करून तिला पाहायला येतात. मी अकोल्याहून त्या गावच्या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्या बॅगेत कपडे कमी आणि कोऱ्या वह्या जास्त होत्या. भारेवाली सकाळी, भारेवाली भरदुपारी, भारेवाली तिन्हीसांजेला, असा माझा बेत होता.

खोली मिळाली काकाजींकडे. गावातलं शेवटचं घर, त्यामागे त्यांची संत्र्याची बाग, आणि बागेच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भारेवालीकडे जाणारी एकुलती एक धड पायवाट. पहिल्याच रविवारी मी वही काखेत मारून फाटकाशी गेलो. फाटकाला टेकून काकाजी उभे होते. साठीचे, उंच, खांद्यावर दुपट्टा.

"कुठी चालले, सर?"

"भारेवाली पाहायला."

"काहून?"

दगड का पाहायचा, याला उत्तर नसतं. मी नुसता हसलो. काकाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "चप्पल काढा. टाच दाखवा."

नवीन भाडेकरू होतो, म्हणून दाखवली. काकाजींनी खाली वाकून, चष्मा कपाळावर चढवून माझ्या टाचेच्या भेगा पाहिल्या. बोटाने एक भेग दाबूनही पाहिली. मग उभे राहून म्हणाले, "भारी काळी जमीन आहे तुमची. पाणी धरून ठेवते. चार महिने तरी लागन."

"कशाला?"

"ताण द्याले."

संत्र्याच्या मुलखात हा शब्द पोरासोरांनाही ठाऊक असतो, मला नव्हता. संत्र्याच्या झाडाला भरपूर पाणी दिलं तर ते नुसतं पानांनी माजतं. म्हणून बहार धरायचा असला की त्याचं पाणी काही आठवडे तोडतात. झाड कासावीस होतं, पानं मलूल होतात, थोडी गळतातही. नेमक्या वेळी पुन्हा पाणी सोडलं, म्हणजे ताण तोडला, की ते फुलांनी लदबदून जातं. हलक्या जमिनीला ताण थोडे दिवस, भारी जमिनीला जास्त. सगळे बागायतदार हे करतात. काकाजींचं वेगळेपण एवढंच की ते झाडांपाशी थांबत नसत.

"लवकर देल्लं ते पानात जाते, थांबून देल्लं ते फुलात येते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. आल्या आल्या भारेवाली पाहिलेला माणूस फोटो काढतो आणि भज्यांची गाडी शोधतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. म्हणून फाटकाशी येणाऱ्या प्रत्येकाची टाच तपासून ते त्याचा ताण ठरवत. गुळगुळीत टाचेच्या शहरी माणसाला दोन तास. थोड्या भेगा असल्या की एक मुक्काम. एकदा एक मोठे साहेब लाल दिव्याच्या काळातला रुबाब घेऊन आले, तर त्यांना मोजा काढायला लावून ओसरीवर टेकडीकडे पाठ करून बसवलं. सोबतचे शिपाई घाबरून उभे. दीड तासानं काकाजींनी साहेबांना सोडलं आणि साहेब परत आले ते डोळे पुसत. काकाजी मला म्हणाले, "पाहा. हलकी जमीन, पण फुलली." माझ्या मते साहेबांच्या डोळ्यांत कुसळ गेलं होतं. पण ते त्यांनी काकाजींना सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या वाटेनं जायचं. मीही तेच म्हणालो होतो. स्टँडवरच्या ऑटोवाल्याला म्हटलं, टेकडीला वळसा घालून ने. त्यानं ऑटो चालू केला, मला नीट पाहिलं आणि बंद केला. "तुमी काकाजीच्या घरचे सर न? तुमचा ताण तुटला का?" नाही म्हटल्यावर तो चहा प्यायला निघून गेला. मला वाटलं, हा एकटाच येडा. पण किराणावाला तेच, न्हावी तेच, मुख्याध्यापक तेच. गावात मला कोणी 'कसे आहात' असं विचारतच नसे. 'ताण तुटला का?' हाच रामराम झाला होता.

मोबाइलवर भारेवालीचे शेकडो फोटो आहेत, हे मलाही माहीत होतं. काकाजींनी त्यालाही बंदी केली होती. ऐन ताणात अवकाळी पाऊस पडला की झाडाचा ताण मोडतो, बहार धड येत नाही आणि सगळा हिशेब पहिल्यापासून. माझं तसंच होणार, असं त्यांचं म्हणणं. मी मनातल्या मनात त्यांना चार शिव्या घातल्या. आणि एक दिवस स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं कौतुकानं मोबाइल माझ्यापुढे धरला, "सर, हे पाहा आपली भारेवाली," तर मी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. घेतल्यावर माझं मलाच नवल वाटलं. काकाजींचा ताण मला लागू पडायला लागला होता, तो असा.

चार महिने पुरे व्हायला आठ दिवस राहिले असताना मी सातवीच्या वर्गाला 'माझे गाव' हा विषय दिला. हा माझाच गाढवपणा. घरी येऊन वह्या उघडल्या, तर बावन्न मुलांनी बावन्न भारेवाल्या काढलेल्या. एकीला नाक होतं, एकीच्या भाऱ्यावर टॉवर होता, एकीनं साडी नेसली होती. मी पटकन वह्या मिटल्या, पण ओसरीवरून काकाजींनी पाहिलंच.

"अवकाळी झाला, सर," ते खरोखर हळहळून म्हणाले. "आता पयल्यापासून."

पुढे असे दोन अवकाळी आणखी झाले. एकदा शाळेच्या कॅलेंडरवर ती छापून आली आणि एकदा मला स्वप्नात दिसली. स्वप्नाचं मी सांगायला नको होतं.

काकाजींच्या या शास्त्राला यश येत नसे असंही नाही. माझ्याआधी त्या खोलीत एक बँकेतले गृहस्थ राहत. त्यांना बरीच वर्षं बढती मिळाली नव्हती. काकाजींनी त्यांच्या भल्यासाठी खोलीचा नळच बंद केला. पंधरा दिवस त्या माणसानं शेजाऱ्यांकडून बादल्या वाहिल्या, मग वैतागून जिल्ह्याबाहेर बदली मागितली, आणि बदलीच्या जागी त्याला बढती मिळाली. "फुलला न बाप्पा!" म्हणून काकाजींनी गावभर पेढे वाटले. एकदा त्यांनी काकूंवरही प्रयोग केला. काकूंची भाजी अलीकडे बेचव होते असं ठरवून आठ दिवस त्यांनी जेवणाला बरं म्हणायचं थांबवलं. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ताटात भाजी वाढणंच बंद केलं. भाकर आणि कोरडं तिखट. तिसऱ्या संध्याकाळी काकाजी चुलीपाशी जाऊन म्हणाले, "फुललो मी. वाढ आता." घरातला ताण फक्त काकूंनाच वेळेवर तोडता येई.

यापुढचं सांगताना माझं हसू कमी होतं. काकाजींना एकच मुलगी. ती अकरावीत असताना अभ्यासात मागे पडली. काकाजींनी तिलाही ताण दिला. म्हणजे तिच्याशी बोलणं थांबवलं. रागावून नाही, रागावणं त्यांच्या शास्त्रात नव्हतंच. पोरगी वर्षभर मान खाली घालून शिकली आणि बारावीला शाळेत पहिली आली. निकालाच्या दिवशी काकाजी पेढ्यांचा पुडा घेऊन फाटकाशी उभे राहिले. पोरगी येईल, पाया पडेल, बोलेल, म्हणजे ताण तुटला. आणि पोरगी आत माजघरात उभी राहिली. बाप येईल, पाठीवर हात ठेवेल, बोलेल. दोघंही संध्याकाळपर्यंत उभेच. पेढे शेवटी पोस्टमनला दिले.

बोलणं थांबलं त्याला सात वर्षं झाली होती. मुलगी अकोल्याला शेतीचं शिकली, अमरावतीला माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. सुट्टीला घरी यायची. बापलेक एका ओसरीवर बसायचे आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. मी राहायला आलो तेव्हापासून मधला माणूस मी झालो.

"सर, त्याईले म्हणा, करंजी घ्या," मुलगी म्हणे. करंजीचं ताट त्यांच्यापासून वीतभर अंतरावर.

"सर, तिले सांगा, दोन घेतल्या," काकाजी म्हणत.

मी सांगे. आधी मला त्याची गंमत वाटायची. अकोल्याला मित्रांना मी नक्कल करून दाखवत असे. मग एक दिवस काकू चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "तुमी हसता, सर. पण या दोघाईच्या मंधात मी सुकून राहिली." मला फार लाज वाटली. त्यानंतर ती नक्कल मी कुणाला दाखवली नाही.

माझ्या शेवटच्या थंडीत मुलीचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा हिवरखेडकडचा, केळीच्या बागा असलेला, माती तपासायला येऊन येऊन ओळख झालेला. पसंती तिचीच होती. रविवारी मुलगा आणि त्याचे वडील घर पाहायला येणार होते. शनिवारी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"पोट्टी म्हणते, उद्या बाबा माह्याशी सोताहून बोलले तं मी लग्न करन. नाई बोलले तं पाहुण्याईले नाई म्हणून सांगन. मुक्या घरातून मी निघत नाई म्हणते."

"मग काकाजींना सांगा ना."

"तेच तं नाई सांगायचं! सांगून बोलले तं ते बोलनं नाई म्हणते." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "याचीच पोट्टी आहे न ते."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी काकाजी नेहमीसारखे बागेत होते. संध्याकाळपर्यंत एका मुलीचं आयुष्य इकडचं तिकडे होणार आणि हा माणूस ठिबकच्या नळीतला कचरा फुंकून काढतोय, हे पाहून माझा जीव नुसता वरखाली होत होता. एकदा वाटलं, सरळ जाऊन सांगावं. पण काकूंना शब्द दिला होता.

पाहुणे अकराला आले. मुलगा शांत. त्याचे वडील मात्र गाडीतून उतरता उतरताच बोलायला लागले. चांगले धिप्पाड गृहस्थ, हातात केळीचा अख्खा घड. ओसरीवर पोचेपर्यंत त्यांनी मला, काकूंना, शेजारच्या दोन बायकांना आणि वाटेत उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला केळी वाटली. बसायच्या आधीच म्हणाले, "चाय मंगानं घेऊ. आधी तुमची भारेवाली दाखवा. येवढ्या लांबून आलो न बाप्पा!"

काकाजी शांतपणे म्हणाले, "मोजा काढा. टाच दाखवा."

त्या भल्या माणसानं काही न विचारता दोन्ही मोजे काढले आणि पाय बाजेवर ठेवले. काकाजींनी कपाळावर चष्मा चढवला. पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच गोंधळ दिसला.

"हे टाच नाई, लोणी आहे. पण खालून भारी जमीन लागते. तीन महिने."

"काहाचे तीन महिने?"

काकाजींनी ताणाचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. पाहुण्यांनी तोंडातलं केळं संपवून ऐकलं आणि मग असे हसले की ओसरीवरची चिमणी उडाली.

"बाप्पा, आमची केळी! केळीले एक दिवस पाणी नाई भेटलं तं ते मान टाकते. आमी रोज देतो. पाहिजे तवा देतो, नाई पाहिजे तवाबी देतो."

"मंग तुमच्या बागेत नुसते पानं असन."

"पानाखाली घड रायते न!"

दोन बागायतदार भिडले. पाणी किती, खोड कसं, मुळं कुठवर जातात. मी मुलीकडे पाहत होतो. दाराच्या चौकटीला टेकून ती उभी होती, बापाच्या तोंडाकडे पाहत. तिचा होणारा नवरा खाली मान घालून केळ्याचं साल सोलत होता, आणि केळं कधीच संपलं होतं.

तेवढ्यात पाहुणे, खतांबद्दल विचारावं तितक्या सहज विचारते झाले, "मी आयकलं, पोरीलेबी ताण देल्ला तुमी?"

काकूंनी चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला. मुलानं बापाच्या गुडघ्याला हळूच चिमटा काढला, पण केळीवाल्याला कुठला चिमटा कळतो?

"देल्ला," काकाजी म्हणाले.

"बहार आला?"

"आला. शाळेत पयली आली."

"कवा?"

"त्याच साली."

"वा! मंग पाणी कवा सोडलं?"

काकाजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला, दुपट्ट्यानं पुसला. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "मी वाट पाहून राहिलो."

"कोणाची?"

"तिची. ते येईन, बोलन..."

पाहुणे आता हसत नव्हते. काळजीनं पुढे वाकले आणि म्हणाले, "काय म्हणता, काकाजी? झाड कधी विहिरीवर येऊन पाणी मागते का?"

बागेतल्या पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. काकाजी कितीतरी वेळ आपल्या बागेकडे पाहत बसले. खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले होते, आणि मी अशा वेळी वहीत काहीतरी गिरगटत बसतो तसा बसलो होतो. इतक्या वर्षांत एकाही झाडाच्या बाबतीत त्यांच्याकडून अशी चूक झाली नव्हती. झाडाची पानं रोज दिसत होती. पोरीची त्यांनी पाहिलीच नव्हती.

काकाजी उठले. दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. "चला," म्हणाले, "भारेवाली पाऊ."

पाहुणे उठले, मुलगा उठला. मीही वही घेऊन उठलो.

"तुमी बसा, सर," काकाजी म्हणाले. "तुमचा अवकाळी परवाच झाला."

सात वर्षांचा ताण तोडायला निघालेला हा माणूस माझा चार महिन्यांचा तोडायला तयार नव्हता. मी बसलो. आत्ता वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण मुलगी अजून चौकटीपाशीच उभी होती. काकाजी तिच्यासमोरून गेले. थांबले नाहीत. पायऱ्या उतरले. काकूंनी डोळे मिटून घेतले. पाहुणे मागोमाग निघाले.

फाटकाशी पोचल्यावर काकाजी वळले. मुलीकडे त्यांनी पाहिलं की नाही मला सांगता येणार नाही. तिच्या डोक्याच्या जरा वरून, भिंतीकडे पाहत ते मोठ्यानं म्हणाले, "चप्पल घाल. धुऱ्यावर गोखरू आहे."

सात वर्षांनी बोललेले शब्द एवढेच. मुलीच्या पायांत चप्पल होतीच. निळ्या पट्ट्यांची, सकाळपासून घातलेली. सगळ्यांना ती दिसत होती, पाहुण्यांनाही.

मुलीनं वाकून दोन्ही चपला काढल्या, क्षणभर अनवाणी उभी राहिली, मग एकेक पाय सावकाश पुन्हा आत घातला.

"घातली, बाबा," ती म्हणाली.